महायुद्धातली जीप, म्हणे!

‘दुसऱ्या महायुद्धातली ओरिजिनल विलिस जीप विकणे आहे.’ महिना-दोन महिन्यांनी आपल्या गोव्यात अशी जाहिरात उगवतेच, आणि फोटो पाहून माझं डोकं फिरतं. अहो, बॉनेट केवढं उंच! हे उंच बॉनेट सीजे-३बीचं. विलिसने ती १९५३ साली काढली, कारण नवं हरिकेन इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना. महायुद्ध १९४५ लाच संपलं. मग ही लढली कुणाशी?

यात तज्ज्ञ लागत नाही. पुढच्या जाळीच्या खाचा मोजा. युद्धातल्या एमबीला नऊ (अगदी सुरुवातीच्या गाड्यांना पट्ट्यांची जाळी होती, ती वेगळी), नंतरच्या नागरी सीजेला सात. सातपर्यंत मोजता येत नाही का आपल्याला?

सीजे-३बी महिंद्रने परवाना घेऊन इथेच कित्येक वर्षं बनवली. दणकट, गुणी गाडी. तिच्या नावाने विका ना! पण ‘महिंद्र’ म्हटलं की भाव पडतो, ‘विलिस’ म्हटलं की गिऱ्हाईक विरघळतं. नावाची ही लाज मला चीड आणते.

वर आत दुसरंच डिझेल इंजिन, पॉवर स्टिअरिंग, आणि ‘व्हिंटेज, रोज वापरा’! २०२१ च्या केंद्रीय नियमांत व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, मोठा फेरफार न झालेली गाडी. तशी नोंद झाली की रोजच्या वापराला ती रस्त्यावर काढताच येत नाही.

मी कारकून, आधी कागद मागतो. आरसी बुक दाखवा, चासीचा नंबर पुसून वाचू द्या. टेस्ट ड्राइव्ह मागाहून, पात्रांव.