अदृश्य उष्णतेची साक्ष

कोरेगांवाकडील कित्येक मळ्यांत उसास व आल्यास पाणी मिळतें, तें विहिरीवरील विजेच्या पंपामुळें. पंपाच्या स्टार्टरमधील एखादा सांधा सैल झाला, कीं तेथें विरोध वाढून तो तापूं लागतो. डोळ्यांस मात्र कांहींच दिसत नाहीं. विल्यम हर्शेलनें १८०० सालीं शोधलेले अवरक्त किरण कॅमेरा टिपतो, आणि संगणकाची आज्ञावली तिन्ही फेजांचें उष्णतामान ताडून पाहते. भार सारखा असतां एकच सांधा अधिक तापलेला आढळला, तर दोष बहुधा तेथेंच! परंतु चकचकीत तांबें उष्णता फार थोडी उत्सर्जित करतें; पृष्ठभागाचा हा गुण आज्ञावलीस सांगितला नाहीं, तर तापलेला सांधाहि चित्रांत थंड भासतो. तेव्हां चित्रावर विसंबून हात लावूं नये. आधीं वीज बंद करावी, मग जाणत्या तंत्रज्ञास बोलवावें.