समाजशास्त्र जरूर शिका, पण दहा लाखांच्या कर्जावर नको

जून आला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. विचारणारी बहुतेक वेळा मुलगी असते. तिला समाजशास्त्र किंवा राज्यशास्त्र शिकायचं असतं. घरात चाचा-मामूंची बैठक बसते आणि निकाल लागतो, "आर्ट्स करून काय मिळणार? डीफार्म कर." दुसरीकडे आमच्यासारखे चळवळीतले लोक असतात. आम्ही सांगतो, शिक्षणाची किंमत पैशात करायची नसते. दोन्ही सल्ल्यांत हिशेब नाही आणि मला दोन्हींचा राग येतो. आमच्या सल्ल्याचा जरा जास्तच, कारण हप्ता आम्ही भरत नाही.

तर हिशेब करू या. खासगी विद्यापीठातलं दोन वर्षांचं एमए, राहण्या-खाण्यासकट १० लाखांचं कर्ज, व्याज साडेदहा टक्के. दरवर्षी ५ लाख उचलले असं धरा. शिक्षणाची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. हप्ता सुरू होईपर्यंत कर्ज साडेबारा लाखांच्या वर गेलेलं असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे १७ हजार, आणि एकूण परतफेड वीस लाखांच्या पुढे. बँक म्हणेल, १५ वर्षं घ्या. मग हप्ता १४ हजारांवर उतरतो आणि एकूण रक्कम २५ लाखांवर जाते. आता एखाद्या संस्थेत संशोधन सहाय्यकाची पहिली नोकरी ३० हजारांची धरा. (मी उदार मनानं धरतोय.) मुंबईत खोलीचं भाडं देऊन, घरी चार पैसे पाठवून १७ हजार कुठून काढणार? कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागलात तर पैसे घेतलेल्या तासांचे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तेही नाहीत.

म्हणजे चाचांचं बरोबर? अजिबात नाही. डोनेशन देऊन इंजिनिअरिंगला घातलेल्या स्वतःच्या मुलाचा हा हिशेब त्यांनी कधी मांडला? बीई होऊन कॉल सेंटरला लागलेली मुलं प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्यांचं कर्ज कुणी विषयाच्या नावावर लिहीत नाही, "नशीब" म्हणून सोडून देतात.

समाजशास्त्राचा सौदा बुडतो तो फीमुळे. तोच विषय सरकारी विद्यापीठाच्या विभागात किंवा अनुदानित कॉलेजात काही हजारांत शिकता येतो. डोक्यावर हप्ता नसेल तर ३० हजारांचा पगारसुद्धा पगारासारखा वाटतो, आणि नेट-सेटची तयारी करायला दोन वर्षं काढता येतात. मोठ्या कॅम्पसवर ओळखी होतात, इंग्रजी सुधारतं, हे खरं आहे. त्याला किंमत आहे, पण ती वीस लाख नाही. पूर्ण शिष्यवृत्तीचं पत्र हातात असेल तर खुशाल जा. "पहिल्या वर्षानंतर विचार करू" असं तोंडी आश्वासन असेल तर जाऊ नका.

सरकारनं या मुलांना हात दिला असता तर गोष्ट वेगळी होती. वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या मुलांचं शिक्षणकाळातलं व्याज केंद्र सरकार भरतं, पण फक्त तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांचं. महाराष्ट्रानं २०२४ मध्ये ओबीसी आणि आर्थिकदृष्ट्या मागास मुलींची फी माफ केली, तीही व्यावसायिक अभ्यासक्रमांचीच. अल्पसंख्याकांच्या पीएचडीसाठी असलेली मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली. इतर योजनांतून तेच मिळतं, असं कारण सांगण्यात आलं. परदेशी शिक्षणाच्या कर्जाचं व्याज भरणारी 'पढो परदेश' योजनाही त्याच सुमारास गेली.

आणि आपण मोर्चात आकडे कुठले फडकवतो? २००६ च्या सच्चर अहवालातले. त्या समितीचे सदस्य-सचिव अबुसालेह शरीफ अर्थशास्त्रज्ञ होते. राज्यात महमूद-उर-रहमान समितीनं २०१३ मध्ये अहवाल दिला, तोही सर्वेक्षण करणाऱ्या, कोष्टकं मांडणाऱ्या माणसांच्या जोरावर. आपली सगळी हुशार मुलं डीफार्मला गेली तर पुढचं सर्वेक्षण करायला आपल्या मोहल्ल्यात कोण येणार, आणि बुरख्यातल्या बाईशी दारात उभं राहून कोण बोलणार?

एक कर्ज मात्र कुठल्याच कागदावर येत नाही. सूद नको म्हणून बरीच घरं बँकेत जात नाहीत. त्या भावनेची मला कदर आहे. पण पैसा मग अम्मीच्या बांगड्यांतून येतो, मामूकडून येतो, किंवा धाकटीच्या अकरावीतून येतो. तिला कुणी "शाळा सोड" म्हणत नाही. "भाईचं होऊ दे, मग तुझं बघू" एवढंच म्हणतात. माझ्या ओळखीच्या एका घरात हे "मग" सात वर्षांनीही आलेलं नाही, आणि भाई चर्चासत्रांत लिंगभावावर छान बोलतो. बँकेतूनही सुटका नसते. साधारणपणे साडेसात लाखांपुढच्या कर्जाला तारण लागतं आणि मोहल्ल्यातल्या घराचे कागद चार भावांच्या नावावर असतात. पुन्हा बांगड्याच.

म्हणून फॉर्म भरण्याआधी एक कागद घ्या. फी, खोली, मेस, प्रवास लिहा. त्याखाली हे पैसे कुणाकडून येणार आणि त्यासाठी घरात कुणाचं काय थांबणार तेही लिहा, नावानिशी. मग विभागात जाऊन विचारा, गेल्या तीन बॅचची मुलं आज कुठं काम करतात आणि किती कमावतात. ऑफिसनं माहितीपत्रक हातात ठेवलं तर ते परत द्या आणि कॅन्टीनमध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलांजवळ जाऊन बसा.