पावती

परवा कपाटातला खण आवरायला घेतला आणि तळाशी दोनशे रुपयांची एक पावती सापडली. फेब्रुवारी २०२१ ची. मुलुंड स्टेशनाबाहेर मास्क हनुवटीवर ओढून मी फोनवर मोठमोठ्याने बोलत उभा होतो. मार्शल मुलगा समोर आला, म्हणाला, "काका, मास्क." मी वयाचा, दम्याचा आणि जुन्या मास्तरकीचा असे तीन अर्ज एकदम केले. तिन्ही नामंजूर झाले, आणि ते योग्यच झालं. चूक माझी होती. पैसे दिले, त्याने पावती फाडून दिली. घरी आल्यावर सौ. म्हणाली, "अहो, जन्मभर पोरांना बाकावर उभं केलंत, आज तुम्ही उभे राहिलात!"

तेव्हा हसलो. पण परवा ती पावती हातात धरून बराच वेळ बसलो होतो. माझ्या दोनशे रुपयांचा कागद माझ्याकडे आहे. त्या काळात महापालिकेने जे काही कोटी खर्च केले, त्यांचा कागद कुणाकडे आहे?

थांबा, लगेच 'काका आता राजकारणावर घसरले' म्हणू नका. कोविडच्या काळात मुंबई महापालिकेने जे काम केलं त्याचं मला कौतुकच आहे. वरळीचा डोम, बीकेसीचं मैदान, सगळीकडे महिन्याभरात खाटा उभ्या राहिल्या. धारावीसारख्या वस्तीत घरोघर जाऊन माणसं तपासली. चोवीस वॉर्डांत वॉर रूम काढल्या. मे २०२१ मध्ये ऑक्सिजनसाठी दिल्लीत हाहाकार उडाला होता, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने मुंबईकडून शिका म्हणून सांगितलं. हे सगळं निविदा, मुदतवाढ, फेरनिविदा या चालीने झालं असतं का? कधीच नाही. आग लागल्यावर बादलीचे तीन भाव मागवायचे नसतात.

इथे मला माझी सहल आठवते. साल १९८६. आठवीची मुलं घेऊन रायगडला गेलो होतो, सहलीची रोकड माझ्याकडे. रात्री महाडला एका मुलाच्या पोटात असह्य दुखायला लागलं. तेव्हा कुठला मोबाईल! हेडसरांना विचारणार कसं? टॅक्सी केली, डॉक्टरांना झोपेतून उठवलं, दुसऱ्या दिवशी त्याला शिपायाबरोबर पुढे मुंबईला पाठवलं. परतलो तेव्हा सहलीच्या पैशाला मोठं भगदाड पडलेलं. हेडसरांनी सगळं शांतपणे ऐकलं, पाठीवर हात ठेवला, म्हणाले, "शाबास सर, योग्य केलंत." आणि त्याच दमात, "आता हिशेब द्या."

खरं सांगतो, मला राग आला होता. मी मुलाचा जीव वाचवतोय आणि हा माणूस पावत्या मागतोय! टॅक्सीवाल्याने कुठली पावती द्यायला? हेडसर म्हणाले, "नसेल तर तुमच्या सहीचं व्हाउचर करा. कुठून कुठे, किती वाजता, किती दिले, का दिले." मी तणतणत केलं. ते त्यांनी पालक सभेत वाचून दाखवलं. त्या मुलाचे वडील मागच्या रांगेत बसले होते, त्यांनी उठून नमस्कार केला. त्या दिवशी मला कळलं की हिशेब मागणं म्हणजे संशय घेणं नव्हे. उलट माझ्यावर पुढे कुणी बोट दाखवू नये याची सोय हेडसरांनी करून ठेवली होती.

आता महापालिकेकडे येतो. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. इंग्रजांनी केलेला, पण फार शहाणपणाने केलेला आहे. त्याच्या कलम ६४ मध्ये अशी तरतूद आहे की अचानक संकट आलं, माणसांच्या जिवाला धोका निर्माण झाला, तर आयुक्ताने परवानगीसाठी न थांबता लागेल ती कारवाई करावी. मात्र काय केलं, का केलं आणि किती खर्च आला, हे स्थायी समितीला आणि महापालिकेला ताबडतोब कळवावं. म्हणजे आमच्या हेडसरांचाच न्याय! आधी धावा, मग सांगा.

दुसरा कायदा १८९७ चा, साथरोगांचा. हा मात्र वेगळ्या घाईत जन्मला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा रोगी ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. मूळचे गोव्याचे हे डॉक्टर स्वतः मुंबई महापालिकेचे सदस्य होते. (मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. येता-जाता पाहिला असेल, नाव वाचलं नसेल.) म्हणजे मुंबईत साथीची पहिली हाक दिली ती एका नगरसेवकाने. पण फेब्रुवारी १८९७ मध्ये कायदा आला तो सरकारच्या हाती सगळा कारभार देणारा. पुण्यात प्लेगचं काम रँडच्या तीन जणांच्या कमिटीकडे गेलं. तिघेही गोरे अधिकारी, लोकांनी निवडलेला एकही नाही. घरात शिरून झडत्या झाल्या, पुढे चापेकरांनी काय केलं ते आपण सगळ्यांनी शाळेत वाचलंय. मी वर्षानुवर्षं हा धडा शिकवला. रँड वाईट होता एवढंच शिकवलं, त्याला जाब विचारायची जागाच कुणी ठेवली नव्हती, हे शिकवायचं राहून गेलं.

मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. एका पानात मावेल. सरकारला अधिकार, मोडेल त्याला शिक्षा, आणि चांगल्या हेतूने काम करणाऱ्यावर दावा चालणार नाही असं संरक्षण. खर्च कुणी सोसायचा हे सरकार ठरवील, असंही त्यात आहे. हिशेब कुणी तपासायचा याबद्दल एक अक्षर नाही. २०२० मध्ये दुरुस्ती झाली ती डॉक्टर-नर्सवर हात उचलणाऱ्यांना शिक्षा व्हावी म्हणून. ती हवीच होती. पण हिशेबाचं पान कोरंच राहिलं.

आणि नेमकं हेच कोरं पान ढालीसारखं पुढे करण्यात आलं. राज्य सरकारने कॅगला महापालिकेच्या सुमारे बारा हजार कोटींच्या कामांची तपासणी करायला सांगितली. मार्च २०२३ मध्ये अहवाल विधिमंडळात आला. त्यात कोविडचे ३,५३८ कोटी तपासलेलेच नाहीत, कारण महापालिकेने साथरोग कायद्याकडे बोट दाखवून ती कागदपत्रं दिली नाहीत.

आता या तपासणीत राजकारण नव्हतं असं मी म्हणणार नाही. तपासणीचा काळ धरला तो २८ नोव्हेंबर २०१९ पासून. आधीच्या सरकारचा शपथविधी झाला तीच तारीख! लहान मूलही ओळखेल. पण गंमत बघा, कागद मागणारं राज्य सरकार, आणि ते नाकारणारी महापालिका त्याच राज्य सरकारच्या प्रशासकाच्या हाती. डाव्या हाताने मागायचं आणि उजव्या हाताने नाही म्हणायचं.

चांगल्या हेतूला संरक्षण असावं, जरूर असावं. नाहीतर पुढच्या साथीत कुठला अधिकारी सही करायला धजेल? पण दावा लागू नये हे वेगळं आणि वहीच दाखवायची नाही हे वेगळं. आपत्ती व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्यात तर तातडीच्या खरेदीला निविदेतून सूट आहे, आणि जबाबदार अधिकाऱ्याचा दाखला हिशेबासाठी व्हाउचर म्हणून चालेल असंही म्हटलंय. माझं टॅक्सीचं व्हाउचर! सवलत दिली आहे ती पावतीच्या नमुन्यात. हिशेब होणार हे त्या कायद्याने धरूनच ठेवलंय.

मग गुन्हे नोंदले गेले, बॉडी बॅग, खिचडी, जंबो सेंटर. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. मला वाईट वाटतं ते याचं की जे स्थायी समितीच्या टेबलावर दर आठवड्याला उघडपणे विचारता आलं असतं ते शेवटी पोलिसांच्या आणि ईडीच्या खोलीत गेलं. तिथे सत्ता बदलली की प्रश्नही बदलतात.

नगरसेवक फार धुतल्या तांदळासारखे होते असा माझा भाबडेपणा नाही. पण २२७ जणांतला एखादा तरी विरोधी पक्षाचा असतो, एखादा खवचट असतो, एखाद्याला नुसती पेपरात नाव यायची हौस असते. प्रश्न विचारले जायला तेवढंही पुरतं. ७ मार्च २०२२ ला त्यांची मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं प्रशासकच आयुक्त, प्रशासकच सभागृह. आयुक्ताने समितीला कळवायचं म्हणजे आरशासमोर उभं राहून स्वतःला सांगायचं!

२०२६ च्या जानेवारीत एकदाची निवडणूक झाली. प्रचाराला एक उमेदवार आमच्या सोसायटीत आले होते. खुर्च्या मांडल्या, चहा झाला. सगळ्यांनी पार्किंग आणि पाण्याचा दाब विचारला. मी कोविडच्या हिशेबाचं विचारलं. ते नम्रपणे म्हणाले, "काका, ते आता जुनं झालं. आपण पुढचं बोलू या." शेजारच्या जोशीबाईंनी चटकन पार्किंगचा विषय पुन्हा काढला, आणि माझ्याकडे बघून 'असू द्या हो' अशी मान हलवली.

जुनं झालं हे खरं आहे. माझी पावतीही पिवळी पडली आहे. तरी माहिती अधिकाराचा अर्ज लिहून ठेवलाय, अक्षर अजून बरं आहे माझं. मागितलंय फार थोडं: आमच्या एका वॉर्डात कोविडसाठी काय घेतलं, कुणाकडून घेतलं, किती दिले आणि त्याची माहिती स्थायी समितीला कोणत्या तारखेला दिली. नातू म्हणतो, "आजोबा, ऑनलाइन भरा ना." तो शनिवारी येणार आहे, तेव्हा भरू. उत्तर आलं की इथे टाकतोच.