कृष्णद्रव्याचा शोध आणि अलिबागची शांतता

नळ स्टॉप-वारजे-माणिकबाग मेट्रोमार्गास केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. वारज्याला मेट्रो हवीच. मात्र विजेवरील वाहतूक सूक्ष्म चुंबकीय मोजमापांत अडथळा आणते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला हलविण्यात आले होते.

जगभरच्या अशाच केंद्रांच्या नोंदी एकत्र करून शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये अदृश्य कृष्णद्रव्याचा माग काढण्याचा प्रयत्न केला. तो लागला नाही. पण स्थानिक गोंगाट कोणता आणि विश्वातून आलेला संकेत कोणता, हे दूरदूरच्या केंद्रांची तुलना केल्यावाचून ठरविता येत नाही. २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूने मुंबई अलिबागच्या आणखी जवळ आणली आहे. पुन्हा स्थलांतर करण्यापेक्षा तेथील शांतता आधीच राखणे शहाणपणाचे ठरेल.