ग्राहकहित : दुरुस्ती आधी, रिकॉल मागाहून

मारुती सुझुकीने जुलै 2020 मध्ये 1,34,885 गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. त्यांत 15 नोव्हेंबर 2018 ते 15 ऑक्टोबर 2019 या काळात तयार झालेल्या एक लिटर इंजिनाच्या 56,663 वॅगन-आर होत्या आणि 8 जानेवारी ते 4 नोव्हेंबर 2019 या काळातील 78,222 पेट्रोल बलेनो होत्या. दोष इंधनपंपात असण्याची शक्यता होती. तो आढळल्यास पंप विनामूल्य बदलून मिळणार होता. कंपनीने दोष आपण होऊन जाहीर केला, हे योग्यच झाले. परंतु या तारखा व्यापाऱ्याच्या नजरेने वाचल्या, तर एक प्रश्न उरतो. पहिली गाडी कारखान्याबाहेर पडल्यापासून घोषणेपर्यंत वीस महिने लोटले होते. या वीस महिन्यांत ज्याचा पंप बंद पडला आणि ज्याने तो पदरमोड करून बदलला, त्याच्या पैशांचे काय?

वॉरंटी होतीच, असे यावर कोणी म्हणेल. त्या काळी या गाड्यांची वॉरंटी दोन वर्षे किंवा चाळीस हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल तोवर असे. शहरात घर ते दुकान एवढाच फेरा करणाऱ्याला ती पुरते. घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरीसारख्या गावच्या व्यापाऱ्याचे गणित निराळे असते. कापूस, सोयाबीन, मोसंबीचा हंगाम, वसुलीचे फेरे, मालासाठी जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या वाऱ्या, शिवाय चातुर्मासात कुटुंबासह दर्शनयात्रा. समजा, अशा एका आडत्याने डिसेंबर 2018 मध्ये गाडी घेतली आणि ती रोज सरासरी शंभर किलोमीटर धावली. तर चाळीस हजारांचा आकडा चारशे दिवसांत, म्हणजे जानेवारी 2020 च्या सुमारास ओलांडला जातो. फेब्रुवारीत पंप गेला, तर बिल त्याच्याच नावावर. आणि अधिकृत वर्कशॉप दूर असल्याने गाडी जवळच्या गॅरेजात गेली असेल, तर जुना पंप बहुधा भंगारात आणि हिशेब कोऱ्या कागदावर.

जुलैत घोषणा होते, तेव्हा हा मनुष्य हताश होऊन म्हणतो, ‘आपले तर झाले.’ येथेच त्याची चूक होते. दोष गाडीच्या वापराचा नव्हता, भागाचाच असू शकतो, ही गोष्ट घोषणेनंतर निर्मात्यानेच लेखी मान्य केलेली असते. ग्राहकाच्या हाती याहून बळकट कागद क्वचितच येतो.

आपल्याकडे रिकॉलची प्रथा प्रारंभी स्वेच्छेची होती. वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने जुलै 2012 मध्ये आपल्या सभासदांसाठी आचारसंहिता आखली. कायद्याचे बळ 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती अधिनियमाने आले. त्यातील कलम 110-अ नुसार केंद्र सरकार निर्मात्याला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. अशा वेळी निर्मात्याने गाडीची पूर्ण किंमत परत करावी, किंवा तशीच अथवा अधिक चांगली गाडी द्यावी, किंवा दुरुस्ती करून द्यावी. मात्र ग्राहकाने आधीच करून घेतलेल्या दुरुस्तीच्या खर्चाविषयी या कलमात एक अक्षरही नाही. ही उणीव लहान नव्हे. अमेरिकेत 2000 सालच्या कायद्यानंतर असा खर्च परत करण्याची योजना निर्मात्याला रिकॉलबरोबरच सादर करावी लागते आणि ग्राहकाच्या मागणीवर साठ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. भारतीय ग्राहकाने असा नियम मागितला पाहिजे. पण तो होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही.

पहिली पायरी गाडीच्या चासी नंबरची. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर हा सतरा अंकाक्षरी क्रमांक टाकला की गाडी रिकॉलमध्ये आहे की नाही, ते कळते. जुनी गाडी विकत घेतलेल्यांनी तर हे अगत्याने पाहावे. कंपनीचे पत्र पुष्कळदा पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते आणि तेथेच राहते. रिकॉल मात्र गाडीशी बांधलेला असतो, मालकाशी नव्हे.

त्यानंतर लेखी मागणी. तीत चासी नंबर, खरेदीची तारीख, बिघाडाच्या वेळचे किलोमीटर, बिघाडाची लक्षणे, बदललेल्या भागाचे नाव आणि रिकॉलच्या घोषणेची तारीख असावी. सोबत बिल, जॉब कार्ड आणि पैसे दिल्याच्या पुराव्याची प्रत. पत्र डीलरच्या हातात देऊन थांबू नये. ते निर्मात्याच्या ग्राहकसेवा विभागाला ई-मेलने आणि स्पीड पोस्टानेही पाठवावे. यामागे कारण आहे. गोव्यातील एका ग्राहकाला नवी म्हणून जुन्या मॉडेलची गाडी मिळाली होती; त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये डीलर आणि निर्माता हे स्वतंत्र पक्ष मानले आणि डीलरच्या कृत्याची जबाबदारी निर्मात्यावर टाकली नाही. एकाचे उत्तर दुसऱ्याला बांधील असतेच असे नाही. म्हणून मागणी दोघांकडेही करावी आणि तक्रारीची वेळ आलीच, तर दोघांनाही पक्षकार करावे.

उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. त्याने भागले नाही, तर जालन्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 प्रमाणे तक्रारदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथेच तक्रार करता येते. तीर्थपुरीच्या माणसाला कंपनीच्या मुख्यालयाचे गाव गाठावे लागत नाही. शुल्क गाडीसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते : पाच लाखांपर्यंत काही नाही, दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये. मुदत मात्र दोन वर्षांची. ती घोषणेपासून धरावी की दुरुस्तीपासून, हा वाद अंगावर घेण्यापेक्षा दुरुस्तीच्या बिलाची तारीखच प्रमाण मानून चालावे. उशीर झालाच, तर सबळ कारण दाखवून तो माफ करून घेण्याची सोय कायद्यात आहे.

येथे एक सावधगिरी. या कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते वाचून पुष्कळांना वाटते की आपला दावा तेथेच बसतो. तसे नाही. त्या प्रकरणातील ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द उत्पादनाचे नुकसान वगळलेले आहे. दुरुस्तीच्या पैशांसाठी मालातील दोषाची साधी तक्रार हाच मार्ग. अपघातात कोणाला इजा झाली असेल, तर गोष्ट वेगळी.

व्यापारी कुटुंबांपुढचा खरा पेच पुढेच आहे. गाडी बहुधा पेढीच्या नावावर असते, आणि वाणिज्यिक हेतूने माल घेणारा या कायद्याने ‘ग्राहक’ ठरत नाही. समोरचा वकील हाच मुद्दा प्रथम काढतो. परंतु जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डेमलर क्रायस्लरच्या प्रकरणात, संचालकाच्या वापरासाठी कंपनीने घेतलेली गाडी केवळ त्यामुळे वाणिज्यिक हेतूची ठरत नाही, हे मत कायम ठेवले. नाव कोणाचे यापेक्षा मुख्य वापर कोणता, हे पाहिले जाते. पेढीच्या गाडीतून घरची माणसे दवाखान्यात, शाळेत, लग्नकार्याला जात असतील, तर ते तक्रारीत स्पष्ट लिहावे. मालवाहू टेम्पोला मात्र हा युक्तिवाद लागू पडणे कठीण. तेथे मालक तो टेम्पो स्वतः चालवून केवळ स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करीत असेल, तरच कायदा त्याला ग्राहक मानतो.

रक्कम किती मागावी, याविषयीही गोंधळ असतो. प्रवासी गाडीच्या दुरुस्तीवरील जीएसटीचा परतावा आडत्याला सहसा मिळत नाही. म्हणून मागणी करासह पूर्ण बिलाची करावी. विमा कंपनीने काही भाग दिला असेल, तर तो वजा करूनच आकडा मांडावा. एकाच खर्चाची दोनदा वसुली हा व्यवहार नव्हे. आणि दुरुस्ती पेढीच्या खर्चात नावे टाकलेली असेल, तर कंपनीकडून आलेला धनादेशही पेढीच्याच खात्यात, त्या वर्षाच्या उत्पन्नात जमा झाला पाहिजे. मुनीमजींना हे त्याच दिवशी सांगावे. मार्चअखेर आठवण राहत नाही.