पत्रादेवीची सीमा

सावंतवाडीहून गोव्याकडे जाताना बांदा मागे पडले की थोड्याच वेळात पत्रादेवी लागते. पेडणे तालुक्यातील तोर्से गावाजवळची ही लहानशी वस्ती. येथे हुतात्म्यांचे स्मारक आहे. पण घाईत पणजी गाठणाऱ्या प्रवाशांपैकी कितीजण तेथे थांबतात, याविषयी आम्ही साशंक आहोत. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत भारताची हद्द येथे संपत होती आणि पुढे पोर्तुगालचा अंमल सुरू होत होता.

पोर्तुगीजांनी गोव्यावर साडेचारशे वर्षे राज्य केले, हे वाक्य इतके अंगवळणी पडले आहे की त्यातील अर्धसत्य कोणाच्या ध्यानी येत नाही. १५१० मध्ये आल्बुकर्कने जिंकले ते गोवा बेट. पेडणे महाल पुढे कितीतरी काळ सावंतवाडीकर भोसल्यांकडेच होता. कोल्हापूरकरांशी चाललेल्या झगड्यात जेरीस आलेल्या खेम सावंतांनी पोर्तुगीजांच्या मदतीसाठी १७८८ मध्ये तो त्यांच्या पदरात टाकला. म्हणजे पेडण्यापुरती ही राजवट १७३ वर्षांची. आणि पत्रादेवीची सीमा कोणा दोन राष्ट्रांच्या भांडणातून नव्हे, तर एका संस्थानिकाच्या अडचणीतून जन्मलेली! दोन्ही बाजूंच्या रयतेची बोली जवळची, देवस्थाने ओळखीची, सोयरीक परस्परांत. तिला त्या वेळी कोणी विचारले नाही.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या हजारो निःशस्त्र सत्याग्रहींनी गोव्याच्या हद्दीत ठिकठिकाणी पाऊल टाकले. पोर्तुगीज शिपायांनी गोळीबार केला. वीसहून अधिक माणसे ठार झाली. पंजाबातील इसरू गावचा तरुण शिक्षक कर्नेलसिंग पत्रादेवीला पडला. सागरच्या सहोदराबाई राय हाती तिरंगा असताना गोळी लागून घायाळ झाल्या. सागर तेव्हा ज्या मध्यप्रदेशात होते त्याची राजधानी आमचे नागपूर होते, हे नागपूरकरांनी विसरू नये. त्यानंतर केंद्र सरकारने सत्याग्रहींना सीमा ओलांडण्याची मनाई केली. शांततेच्या धोरणाचा आम्हांस आदर आहे. तथापि जे काम अखेर १९६१ मध्ये सैन्यानेच करावयाचे होते, त्यासाठी सहा वर्षे आधी रिकाम्या हातांच्या माणसांना बंदुकीपुढे जाऊ देणे आणि मग हात आखडून घेणे, हे आम्हांस तेव्हाच्या राज्यकर्त्यांच्या कीर्तीला शोभणारे वाटत नाही.

हा झाला बाहेरून आलेल्यांचा इतिहास. तो निदान ग्रंथांतून, वृत्तपत्रांच्या जुन्या फायलींतून सापडतो. गावाचा इतिहास कोठे आहे? सीमा बंद झाल्यावर बांद्याला दिलेली तोर्शाची लेक माहेरी कशी येत होती? जखमींना पाणी कोणी दिले, प्रेते कोणी उचलली, आणि सत्याग्रही निघून गेल्यावर पोर्तुगीज पोलिसांचा ससेमिरा कोणाच्या मागे लागला? लिस्बनची दप्तरे याची उत्तरे देणार नाहीत, दिल्लीची तर नाहीतच. ती देऊ शकतात केवळ माणसे. आणि त्या दिवशी दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात आहे.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात सुमारे ३४ हजारांच्या मताधिक्याने गोव्याने महाराष्ट्रात विलीन न होण्याचे ठरविले; १९८७ मध्ये ते घटक राज्य झाले. तो निर्णय गोमंतकीयांचा होता, आणि आम्ही त्याचा वाद येथे उकरून काढू इच्छित नाही. पण पत्रादेवीची रेषा त्यामुळे दोन राज्यांची झाली, आणि ते काम आपले नव्हे असे म्हणण्याची सोय दोघांनाही मिळाली.

आमची सूचना साधी आहे. नागपूर विद्यापीठाच्या इतिहास विभागाने गोवा विद्यापीठाशी पत्रव्यवहार करावा आणि येत्या दिवाळीच्या सुट्टीत चार विद्यार्थी तोर्से व बांदा येथे पाठवावेत. ध्वनिमुद्रणाचे यंत्र आज प्रत्येकाच्या खिशात आहे. वृद्धांना त्यांच्या मालवणी वा पेडण्याच्या कोंकणी बोलीतच बोलू द्यावे. प्रमाण मराठीत त्यांचे बोलणे बसविण्याचा उद्योग मुळीच करू नये. एस.टी.चे भाडे आणि आठवड्याचे जेवण, यापलीकडे खर्च नाही. तो उचलण्यास नागपुरातील एखादी संस्था पुढे येत असेल, तर तिचे पत्र याच पानावर छापण्यास आम्ही तयार आहोत.