नाव नसलेले पुस्तक

कादंबरी ओळखायची ती लेखकाच्या नावावरून, असा आपणा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा समज असतो. परीक्षेत प्रश्नच तसे येतात. परंतु लेखकाचे नाव ठाऊक नसताना ज्याने पुस्तक वाचले, त्याच्या वाचनाला आपण वाचन म्हणणार की नाही?

भीमाकाठी वडगाव रासाईला माझ्या वडिलांनी तरुणपणी एक कादंबरी वाचली होती. तिचे पुठ्ठे आणि पहिली पाने गेलेली. अण्णांना आठवत होते ते एवढेच : धनगरांच्या वाडीवर कोवळा मास्तर येतो, लोक मिळून तालीम बांधतात, ती पाहायला राजा येतो, एका गड्याला दुसरा बैल नसतो म्हणून त्याची बायको औताला खांदा देते, आणि शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते. औताची गोष्ट ऐकताच आमच्या मराठीच्या सरांनी नाव सांगितले. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५.

अण्णा मास्तरचे नाव विसरले, पण बैल आणि पाऊस विसरले नाहीत. माझ्या टिपणवहीत 'प्रादेशिकता' या शब्दावर दोन पाने आहेत. शेकूच्या बायकोवर एक ओळ नाही. यात कादंबरी कोणाला अधिक कळली, हे वाचकांनीच ठरवावे.

तरीही नाव कळल्याचा लाभ झालाच. त्यामुळे 'माणदेशी माणसं' (१९४९) हाती आले आणि पुढे 'वावटळ'. गांधीहत्येनंतर १९४८ साली खेड्यापाड्यांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली, त्या दिवसांची ही कादंबरी. गावावर एवढी माया करणाऱ्या लेखकाने गावाचे हे रूपही आक्रस्ताळेपणा न करता लिहिले. मला ती 'बनगरवाडी'पेक्षाही मोलाची वाटते. माडगूळकरांना नुसते 'ग्रामीण लेखक' म्हणून मोकळे होणाऱ्यांनी ती अवश्य वाचावी. 'सत्तांतर' (१९८२) ही तर वानरांच्या टोळ्यांची गोष्ट. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ती मी घरी वाचून दाखवली तेव्हा अण्णा म्हणाले, "ही तर आपली ग्रामपंचायतच की!" इतकी नेमकी समीक्षा मी अजून कोठे वाचलेली नाही.

माझी एक सूचना आहे. आपल्या ग्रंथालयात एक कोरी वही ठेवावी. आपल्या आईवडिलांना अर्धवट आठवणारी पुस्तके, जशी आठवतील तशी, तीत आपण उतरवावीत. नावे शोधण्याचे काम मराठीच्या विद्यार्थ्यांनी करावे. पहिली नोंद करायला मी तयार आहे. अण्णांना आणखी एक पुस्तक आठवते आहे, आणि त्यात म्हणे एक आंधळी म्हैस आहे.